उबदार खोलीचा खर्च

हवल्ली, कुवेत
शुक्रवार, ११ डिसेंबर १९६४

रहिमा खालांना नझीरचा सलाम.

आज जुम्मा, कामाला सुट्टी. सकाळी मिस्त्री आला. आतल्या खोलीच्या भिंतीला भोक पाडून त्याने धुराची नळी बसवली, नवा घासलेटचा हीटर तिला जोडला आणि पेटवून दाखवला. दुपारी नमाज पढून आलो, जेवलो. झहूर तुमच्या फखरुन्निसाला घेऊन बाजारात गेला आहे. घरात कुणी नाही म्हणून लिहायला बसलो.

एक विनंती आहे. हे पत्र नेहमीप्रमाणे अशरफला मोठ्याने वाचायला लावू नका. चष्मा लावून तुम्हीच वाचा. वेळ लागला तरी चालेल.

बिल्कीस धरून उभी राहते हे वाचून बरं वाटलं. तिला बापाची ओळख राहणार नाही, पण तुमच्याकडे ती सुखात आहे.

फखरुन्निसाची तब्येत चांगली आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, रमजान लागता लागता बाळंत होईल. थंडी सुरू झाली आहे. आपल्याकडे पौषात अंगावर चादर घेतली की झालं, इथली थंडी वाळवंटातून येते आणि जुन्या घरांत दाराखालून, चौकटींच्या फटींतून शिरते. आमचा फ्लॅट तर फारच जुना. विजेच्या तारा इतक्या कुजल्या आहेत की विजेचा हीटर लावला की दिवे जातात. म्हणून यंदा घरमालकाशी बोलून सगळंच करून घेतलं. दोन्ही खिडक्यांच्या चौकटी बदलल्या, काचांच्या फटींत लांबी भरली, दाराखाली रबराची पट्टी लावली. निम्मा खर्च त्याचा, निम्मा माझा. खोली लवकर तापते आणि घासलेटही कमी लागतं.

मी फक्त एक मागणी केली. छताजवळ भिंतीत एक जाळी बसवा, आणि ती कधीही बंद करता येणार नाही अशी बसवा. मिस्त्री इराणी आहे. तो हसला. म्हणाला, "साब, पैसा देके गर्मी लेता, फिर छेद से बाहर फेंकता?" झहूरही त्याला सामील झाला. "भाईजान, रस्त्यावरच्या लोकांनाही ऊब पोचवायची आहे काय? मग त्यांच्याकडूनही पैसे घ्या." सगळे हसले. मीही हसलो.

मग फखरुन्निसा म्हणाली, "दुल्हाभाई, ही हौस गेल्या वर्षी सुचली असती तर? आपाने बापडीने कुडकुडत दिवस काढले." बहिणीच्या आठवणीने ती सहज बोलली. मी मिस्त्रीला पाणी द्यायला उठलो.

तुम्ही पत्रात लिहिलं आहे की बाभळीचा कोळसा आतापासूनच आणून ठेव, फखरूचा शेक चाळीस दिवस चुकवू नको, खाटेखाली शेगडी दोन्ही वेळा ठेव, खैरूच्या वेळी केलंस तसंच कर. आणि पुढे लिहिलं आहे की परमुलखात तू माझ्या लेकीचं आईसारखं केलंस, अल्ला तुला त्याचं फळ देईल.

खाला, मी कोळसा आणलेला नाही. आणणार नाही. फखरुन्निसाच्या खाटेखाली शेगडी ठेवू देणार नाही. पण माझं ती ऐकायची नाही. ती म्हणते, "अम्मीने सांगितलंय." झहूरलाही तिने कामाला लावलं आहे. समोरच्या दुकानात त्याने कोळशाची चौकशीही केली. तेव्हा तुम्हीच तिला लिहा की शेगडी नको. तसं का लिहायचं, ते मला सांगायला हवं.

खैरुन्निसाला ताप आला होता असं मी तुम्हाला कळवलं. ताप नव्हता. बाळंतपणानंतर तिची तब्येत चांगली होती. भात मागून खात होती.

गेल्या हिवाळ्यात, ही दोघं इथे यायच्या आधी, घरमालक स्वतःहून म्हणाला होता की नळीचा हीटर बसवून देतो, थोडं भाडं वाढव. मी नको म्हटलं. दीड महिन्याच्या थंडीसाठी कोण खर्च करतो, असं मला वाटलं. मी वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापल्या, कणकेची खळ केली आणि दोन्ही खिडक्यांच्या सगळ्या फटी चिकटवून टाकल्या. दाराच्या फटीत जुनी चादर कोंबली. मीना अल-अहमदीच्या तेलबंदरात माझ्याबरोबर काम करणारे दोघे बघायला आले. म्हणाले, नझीरने फुकटात बंगल्यासारखी खोली केली. मला फार अभिमान वाटला. वर तुमची शेकाची सूचना आलेली होती. तेव्हा मला वाटलं, एकाच शेगडीत दोन्ही कामं होतील, शेकही आणि खोली गरमही.

त्या दिवशी बाहेर पाणी गोठलं होतं. कामावर निघण्याआधी मी शेगडी भरून खाटेखाली ठेवली, रोजच्यापेक्षा जास्त भरली. दार ओढून घेतलं. बिल्कीसला अंघोळ घालायला वरच्या मजल्यावरच्या उम्म कमाल घेऊन गेल्या होत्या. त्या पॅलेस्टाईनच्या, कमालची आई, खैरूला मुलीसारखी मानायच्या. त्या बाळाला घेऊन खाली आल्या तेव्हा खैरू उठली नाही. मला कामावरून बोलावून आणलं. डॉक्टर म्हणाले, कोळशाचा वायू. बंद खोलीत तो साठतो, त्याला वास नसतो, माणसाला झोप लागल्यासारखं होतं.

तुम्ही स्वतःला काही लावून घेऊ नका. तुमच्या चारही मुलांच्या वेळी तुमच्या खाटेखाली शेगडी होती. आपल्या घराला कौलं आहेत, भिंत आणि छपराच्या मधून मांजर येतं-जातं, तिथे वारा कोंडतच नाही. तुम्ही जे जाणत होता ते बरोबरच होतं. खोली मी कोंडली. तुम्हाला हे कळलं तर तुम्ही स्वतःला दोष द्याल म्हणून ताप लिहिला, असं मी वर्षभर स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. मला माझी लाज वाटत होती.

दारात आवाज येतो आहे. ती दोघं आली. पत्र ठेवतो.

रविवार, १३ डिसेंबर

पत्र टाकलं नव्हतं. बाळंतपण आधीच झालं आणि तुमचं उत्तर नंतर आलं तर काय, हा विचार मनात आला. म्हणून काल संध्याकाळी मी दोघांना बसवून सांगितलं. वर लिहिलं आहे तेवढं सगळं सांगितलं.

झहूर मधेच म्हणाला, "भाईजान, तुम्हाला काय माहीत होतं? आपल्या गावात कुणाला माहीत आहे?" तो भला माणूस आहे. फखरुन्निसा जमिनीकडे बघत होती. मग तिने एकच विचारलं.

"आपाने खिडकी उघडायला सांगितली होती का?"

हे मी तुम्हाला वर लिहिलं नाही. तिलाही सांगितलं नव्हतं. पण ती तिची बहीण. तुमच्या घरात खैरू पावसाळ्यातही खिडकीशी निजायची, हे ती विसरेल कशी.

मी हो म्हटलं.

खैरू त्या सकाळी म्हणाली होती, "जीव घुसमटतोय हो, थोडी खिडकी उघडून जा." मी म्हटलं, "बाळंतिणीला वारा लागला तर तुझी अम्मी मला ठेवेल का?" ती हसली. म्हणाली, "अम्मी इथे कुठे बघायला येते?" पट्ट्या पक्क्या चिकटल्या होत्या. उघडायची तर सगळ्या फाडाव्या लागल्या असत्या आणि पुन्हा खळ करायला लागली असती. बस निघायची वेळ झाली होती. मी म्हटलं, संध्याकाळी बघू.

खाला, तुमचं नाव मी पुढे केलं, पण मला त्या पट्ट्या फाडायच्या नव्हत्या. एवढंच कारण होतं.

फखरुन्निसाने पदर तोंडाला लावला आणि आत गेली. आज सकाळी तिने झहूरला दुकानात पाठवून कोळसा नको म्हणून सांगितलं, हे मी आतून ऐकलं. माझ्याशी बोललेली नाही. बोलावं असं मी म्हणत नाही. बाळंतपण होईपर्यंत ती दोघं याच फ्लॅटमध्ये राहोत, पुढेही राहोत. मी आज कंपनीत जाऊन अहमदीच्या एकट्या कामगारांच्या क्वार्टरसाठी अर्ज केला आणि अर्ध्या दिवसाची रजा घेऊन परतलो. पुढच्या महिन्यात जागा मिळेल. बिल्कीसला केव्हा सांगायचं, सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. तुम्ही तिला माझ्याकडे कधीच पाठवलं नाहीत तरी माझी तक्रार नाही. तिच्या खर्चाचे पैसे मी पाठवत राहीन. तेवढे परत करू नका.

तुम्ही मला दुवा देत होता, ती मी खोटं सांगून घेत होतो. आता द्यायची की नाही तुम्ही बघा.

आज दुपारी झहूर आणि फखरुन्निसा उम्म कमालकडे जेवायला गेली. स्वयंपाकघरात मच्छीचं सालन आणि भात झाकून ठेवलेला होता. जाताना मला कुणी हाक मारली नव्हती. मी एकटा जेवलो, भांडी घासली आणि ओट्यावर पालथी घातली.

तुमच्या लेकीचा गुन्हेगार,
नझीर