दोन्ही एकच

३ जून, सकाळ

त्या सकाळीही दूध ह्यांनीच तापवलं होतं. गॅस पुसला. मग भिंत रंगवायचा जुना ब्रश घेऊन मागच्या खोलीत गेले आणि मशीनच्या पंख्यांवरची धूळ झाडली. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. आतून विचारलं, चिमटे पुरले का? मी म्हटलं, दोन कमी पडतायत. केबली नीट राहाव्यात म्हणून लावलेले दोन चिमटे काढून हे घेऊन आले. तेवढंच. विशेष काही घडलं नाही त्या सकाळी.

ह्यांना जाऊन वर्ष होईल बावीस तारखेला. पण ही रोजनिशी त्यासाठी नाही. मशीनच्या कामाची नोंद हवी म्हणून आहे. यात रडगाणं येणार नाही.

४ जून

भाऊजींचा फोन. ह्यांचे धाकटे भाऊ. दोघं मिळून लहान ऑफिसांची कॉम्प्युटरची मशीनं सांभाळायचे. म्हणाले, वहिनी, मागच्या खोलीतला डबा एका गिऱ्हाइकासाठी लागेल, एकवीसला येतो न्यायला. तुमचं आत काय असेल ते मी काढून देतो. मी म्हटलं, तुम्ही कशाला, मी काढीन. मग म्हणाले, वहिनी, तो मिक्सर नाही. मी म्हटलं, मिक्सर तरी तुम्हाला कुठे लावता येतो?

डबा म्हणजे स्टोरेज. सगळं सामान डब्यात असतं आणि शेजारचं मशीन ते केबलीतून मागून घेतं. आमच्या डब्यात लेकीचे फोटो आहेत, ते तिच्याकडेही आहेत. आणि ‘वाचन’ नावाचा एक फोल्डर आहे, तो दुसरीकडे कुठेच नाही. लग्न झालं तेव्हा मला दुकानांच्या पाट्या वाचण्यापुरतं येत होतं. पुढचं पुस्तकांवरून माझं मीच शिकले. म्हातारपणी रोज संध्याकाळी मोठ्याने वाचायला लागले, तेव्हा हे ते रेकॉर्ड करायचे. चुकले की म्हणायचे, परत. रागावणं नाही, समजावणं नाही. नुसतं, परत. अशा दोनशे चौदा संध्याकाळी आहेत त्यात.

मला ऐकायची घाई नाही. फक्त काढून ठेवायच्या आहेत.

५ जून

ह्यांची वही काढली. शेवटच्या महिन्यात माझ्यासाठी लिहिलेली. टपोरं अक्षर, वर ‘बाईसाहेबांसाठी’. डबा बंद पडला तर चालू कसा करायचा, पायरी पायरीने. संकल्प: रोज पाच पानं वाचायची. आज दोन झाली. चष्म्यावर ओरखडा आहे.

७ जून

कामाला सुरुवात. डब्याला दोन पोर्ट, मशीनला दोन पोर्ट, मधे दोन स्विच, म्हणजे केबली जोडायच्या पेट्या. लाल केबल एका स्विचमधून, निळी दुसऱ्यातून. म्हणजे डब्याकडे जायला दोन वाटा. वहीत लिहिलंय, एक बंद पडली तर दुसरी असते. पटलं. माझ्या बहिणीच्या घरालाही दोन दारं आहेत.

सगळं जोडलं, एकही दिवा लागेना. केबली उलटसुलट करून पाहिल्या. सव्वा तासाने भिंतीवरचं बटण सापडलं. हे भाऊजींना सांगायची गरज नाही.

८ जून

लेकीचा फोन. म्हणाली, आई, काकाला करू दे ना, त्याचं रोजचं काम आहे ते. मी म्हटलं, तुला चालायला शिकवलं ते मी काय वहीत बघून शिकवलं होतं? म्हणाली, मग आता वही कशाला घेऊन बसलीस? पुढचं नीट ऐकू आलं नाही. रेंज नसावी. ठेवला.

काम पुढे सरकलं नाही. पण डोक्यात सगळं स्पष्ट आहे.

१० जून

लाल वाट लागली! निळी लागेना. वहीतून तिचा पत्ता आकडा आकडा बघून घातला. मशीन म्हणतं, असा कोणी नाही. केबल बदलली. स्विच बदलला. स्विचवर थोडी ओरडले.

११ जून

दिवसभर तेच. हार्डवेअरचा दोष आहे अशी माझी खात्री झाली आहे. भाऊजींना फोन करून सांगितलं, डब्याचं निळं पोर्ट गेलंय. म्हणाले, दादाने ते महिन्यापूर्वीच नवं घातलं होतं. महिन्यापूर्वी म्हणाले. मग म्हणाले, म्हणजे तेव्हा, गेल्या वर्षी.

१२ जून

दोष सापडला. ह्यांचा एक आणि ह्यांचा नऊ सारखाच दिसतो. मी १ ला ९ वाचत होते. लग्नापासून वाण्याच्या यादीत हाच गोंधळ, एकदा साबणाच्या नऊ वड्या आणल्या होत्या. पत्ता बदलला आणि निळीही लागली. दोन्ही वाटा चालू. भाऊजींना इंग्रजीत मेसेज केला, डन.

स्क्रीनवर आता दोन डिस्का दिसतात. सारख्याच मोठ्या, सारखेच फोल्डर, नावात फक्त शेवटचं अक्षर वेगळं. मी त्यांना थोरली आणि धाकटी म्हणते. जरा बिचकले होते, पण वहीत पुढची ओळ होती: ‘आता दोन दिसतील. दोन्ही एकच आहेत.’

माणूस किती काळजीचा! एकाचे दोन करून ठेवले. माझ्या दोन निळ्या साड्या एकच आहेत तसं. एक धुवायला गेली तर दुसरी कपाटात. डब्यालाही पुढून दोन खण आहेत, ते मी पूर्वीच मोजले होते.

पुढच्या पानावर मथळा होता, ‘घाबरलीस तर’. मी घाबरले नव्हते. ते पान सोडलं.

थोरलीतला ‘वाचन’ उघडला. दोनशे चौदा. मोजल्या. वाजवली एकही नाही. धुण्याचा ढीग पडला होता. बावीस तारखेला ऐकीन, नीट बसून, फोन बंद करून.

१४ जून

योजना तयार. थोरली मला, धाकटी भाऊजींना. एक खण त्यांचा, एक माझा. धाकटी कोरी करून देणार. दुसऱ्याला भांडं देताना आपण ते घासून देतो. भाऊजींना सांगितलं नाही. त्यांचं तोंड बघायचंय.

आजही ऐकलं नाही. पाहुणे येतील असं वाटत होतं. आले नाहीत.

१६ जून

धाकटी पुसली. मशीनने विचारलं, यावर सामान आहे, तरी पुढे जाऊ? मी म्हटलं, विचारतोस काय, जा. दोन पर्याय होते, झटपट आणि पूर्ण. झटपटमध्ये खाली काहीबाही राहतं म्हणे. पूर्ण निवडलं. सहा तास लागले. मला अर्धवट काम आवडत नाही.

मधे एकदा थोरलीत डोकावले. दोनशे चौदा नावं जागच्या जागी. वाजवून नाही पाहिलं. नावं होती.

१८ जून

मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. धाकटी कोरी. थोरलीही कोरी दिसते.

वाट बिघडली असणार.

१९ जून

लाल केबल काढून निळी लावली. निळी काढून लाल. वहीतली पहिली सात पानं पुन्हा केली. एक आणि नऊ तपासले. दोन्ही वाटांवर हिरवे दिवे आहेत. दिवे हिरवे आहेत म्हणजे सामान आत आहे, फक्त मशीनला दिसत नाही. कधी कधी चष्मा डोक्यावर असतो आणि आपण घरभर शोधतो.

२० जून

दिसत नाही.

आजची नोंद एवढीच.

२१ जून, दुपार

भाऊजी आले. चहा घेतला नाही, आधी मागच्या खोलीत गेले. मी सगळं सांगितलं, थोरली, धाकटी, सहा तास. ते स्क्रीनकडे बघत राहिले. मला वाटलं रागावतील. म्हणाले, वहिनी, पूर्ण पुसलंत? मी म्हटलं, पूर्ण. म्हणाले, झटपट का नाही केलंत हो. नेहमी सगळं झटपट करता.

मग माझ्या शेजारी स्टुलावर बसले आणि लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं. डिस्क एकच. आतले दोन खण मिळूनही एकच. मशीन तिच्याकडे दोन वाटांनी जातं, म्हणून ती दोनदा दिसते. घराला दोन दारं असली म्हणून घरं दोन होत नाहीत. मी धाकटी म्हणून जी पुसली तीच थोरली होती. नंतर नावं दिसली ती मशीनला आधीची आठवत होती म्हणून, बंद केल्यावर तेही विसरलं.

मी म्हटलं, पण ह्यांनी लिहिलंय, दोन्ही एकच. भाऊजी म्हणाले, तेच तर लिहिलंय वहिनी.

वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी पान उलटलं आणि मला परत दिली. म्हणाले, हे तुम्हीच वाचा.

‘घाबरलीस तर. दोन दिसले म्हणून घाबरू नकोस. दोन डिस्का नाहीत, एकच आहे. मल्टिपाथ नावाचा कारभारी आहे, त्याला चालू केलंस की तो दोनाची एक करून दाखवेल. कसं करायचं ते खाली लिहिलंय. तोवर काहीही पुसू नकोस. यात तुझं वाचन आहे. एक केबल तुटली तरी तुला ते मिळावं म्हणून वाटा दोन केल्या. तू पानं सोडतेस हे मला माहीत आहे, म्हणून हे मोठ्या अक्षरात लिहिलं.’

खरंच मोठं अक्षर होतं. सगळ्या वहीत सगळ्यात मोठं.

भाऊजींनी विचारलं, ऐकल्या होत्यात का काही, वर्षभरात? मी म्हटलं, हो, बऱ्याच. ते म्हणाले, मग बरं. आणि डब्याकडे तोंड करून केबली काढायला लागले. बराच वेळ लागला त्यांना दोन केबलींना.

एकही ऐकली नव्हती. घाई नव्हती म्हणून नाही. ऐकल्या असत्या तर संपल्या असत्या. हे इथेच लिहिते.

भाऊजी म्हणाले, डबा आज राहू दे हवं तर. मी म्हटलं, न्या, गिऱ्हाईक थांबलंय.

२२ जून

दूध तापवलं. गॅस पुसला. मागच्या खोलीत डब्याच्या जागी धुळीचा चौकोन होता, तो ब्रशने झाडला. कपडे वाळत घातले. चिमटे उरले.

मग खुर्ची ओढून ह्यांचं अर्धं राहिलेलं पुस्तक काढलं आणि खुणेच्या पानापासून मोठ्याने वाचलं. तिसऱ्या ओळीत ‘विश्वासार्ह’ आला. ‘विश्वासाह’ वाचला, नेहमीसारखा. थांबले.

परत वाचला.