सयामा, रविवारचा फोन चालू आहे

प्रिय सयामा,

आज रविवारचा वर्ग पुन्हा सुरू झाला. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच. काय काय झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडेना, म्हणून लिहायला बसले. आपण इंग्रजीत बोलायचो, पण मनातलं मला मराठीतच लिहिता येतं. चालवून घ्या.

आपली ओळख आठवते? माझ्या ईशानचा ताप उतरत नव्हता आणि इथे ऑकलंडमध्ये, न्यू लिनच्या दवाखान्यात त्या दिवशी तुम्ही होतात. मी रडकुंडीला आले होते. तुम्ही आधी मला खुर्चीत बसवलंत, मग त्याला तपासलंत. तुमचं गाव मंडाले, हे कळल्यावर मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "आम्हा मराठी लोकांना मंडालेचा फक्त तुरुंगच ठाऊक असतो."

तुम्ही हसलात. "आमच्याकडे चहासुद्धा बरा मिळतो."

पुढच्याच आठवड्यात तुम्ही रबरी जँडल्स फटफटवत, हातात डबा घेऊन आमच्या दारात. डब्यात बेसनाचा तोफू. मी म्हटलं, ही तर आमची पाटवडी. त्यावरून आपण किती वाद घातला! 'सयामा' म्हणजे शिकवणाऱ्या बाई आणि डॉक्टरीणबाईसुद्धा, हे तुमच्या यजमानांनी सांगितलं आणि तुम्ही आमच्या घरच्या सयामा झालात.

मग तुमच्या देशात लष्कराने सत्ता घेतली. तुमच्याबरोबर शिकलेले डॉक्टर कोणी तुरुंगात गेले, कोणी जंगलात. डोंगरातल्या खेड्यांत नर्स मुली एकट्या पडल्या. इथले बर्मी डॉक्टर औषधं पाठवत होते. तुम्ही म्हणालात, "औषधं संपतात. मी शिकवते." आणि माझ्याकडे वळलात, "तुझं काम कॉम्प्युटरचं ना? रडतखडत चालणाऱ्या इंटरनेटवरून माझा आवाज पोचेल, असं काहीतरी कर."

मी केलं. चित्र नाही, नुसता आवाज. दर रविवारी दुपारी माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या लेकीच्या, ईराच्या बाहुलीची मान सरळ धरून तुम्ही फोनवर शिकवायचात. बाहुली तिकडच्या मुलींना दिसत नव्हती, तरी तुम्हाला ती हातात लागायची.

ईराच्या वाढदिवसाचा तो रविवार. मागच्या अंगणात बार्बेक्यू, पोरांचा गोंधळ. तिकडे एका खेड्यात रात्रीपासून एक बाई अडली होती आणि तिथली नर्स एकटी होती, म्हणून तुम्ही फोन हातातून सोडत नव्हतात. ईशान धावत आला, "मम, सयामा इज क्रायिंग ऑर समथिंग." तुम्ही रडत नव्हतात. लाँड्रीत, कपडे धुवायच्या खोलीत, दार लोटून उभ्या होतात आणि फोनमध्ये अगदी हळू, एकसारखं बोलत होतात. बाळ झालं होतं, पण श्वास घेत नव्हतं. पुसून कोरडं कर, पाठ चोळ, मान सरळ, मास्क लावून हवा दे, छाती उचलते का बघ. हे सगळं तुम्ही मला नंतर समजावलंत. तेव्हा मला फक्त तुमचा आवाज कळत होता. त्यात घाई नव्हती.

आणि लाइन तुटली.

आपण वॉशिंग मशिनला टेकून उभ्या राहिलो. बाहेर कोणीतरी केक कधी कापायचा म्हणून हाका मारत होतं. तुम्ही माझं मनगट धरलं होतं, ते नंतर दुखलं. बऱ्याच वेळाने त्या नर्सचा आवाजी निरोप आला. ती एक शब्दही बोलली नव्हती. नुसतं बाळाचं रडणं होतं. तुम्ही ते तीनदा ऐकलंत, तोंड धुतलंत आणि बाहेर येऊन म्हणालात, "मला खूप भूक लागलीय. हीप्स."

एवढ्या जवळच्या होतो, मग आजाराचं का लपवलंत? वर्ग रद्द केलात की म्हणायचात, पाहुणे आलेत. ते केमोचे दिवस होते, हे मला तुमच्या यजमानांकडून कळलं. मी गाडीने नेलं असतं. नुसती शेजारी बसले असते. "तू तोंड पाडून बसली असतीस, मग वर्ग कोणी चालवला असता?" असंच म्हणाला असतात ना? तरी मला राग आहे. तो राहू दे माझ्याकडे.

आज हॅमिल्टनहून तुमचे जुने विद्यार्थी, डॉक्टर चो आले होते. आधी त्यांनी मुलींना तुम्ही गेल्याची बातमी सांगितली. मग वाढदिवसाच्या रविवारची तीच नर्स बोलू लागली. डॉक्टर चो मला हळूच म्हणाले, "ती म्हणतेय, आजचा धडा मी घेते." नव्या मुलींना तिने बाळाचा श्वास कसा सुरू करायचा ते शिकवलं. डॉक्टरांना एकदाही मधे बोलावं लागलं नाही. तुमचे यजमान शेजारीच बसले होते. डोळे मिटून, मान डोलावत.

शेवटी तिने विचारलं, "आता अडलं तर कोणाला फोन करायचा?"

उत्तर मी दिलं, डॉक्टरांनी ते बर्मीजमध्ये सांगितलं. तेच तुम्हालाही सांगते. मला औषधांतलं काही कळत नाही. पण ऑकलंडचे, हॅमिल्टनचे तुमचे सगळे डॉक्टर आता पाळीपाळीने तयार आहेत आणि त्यांना जोडून देणं माझं काम. तिकडून फोन वाजला, की इकडे कोणीतरी उचलेल. हा माझा शब्द.

तुमची,
मुग्धा