न आटणारं पिंप

३ ऑक्टोबर
आज गाया गावातल्या वाइनच्या वखारीत रुजू झाले. नदीपलीकडे पोर्तो, अलीकडे आम्ही आणि आमची पिंपं. दार उघडताच मनुका, अक्रोड आणि ओल्या लाकडाचा वास आला, आणि झेफेरिनो कामावरून घरी आल्यासारखं वाटलं. माझा नवरा जन्मभर पिंपं बांधत होता. तीन वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्यानं गेला. त्याच्या शर्टांना हाच वास असे. माझं काम सोपं आहे. पाहुण्यांना या घराण्याच्या गोष्टी सांगायच्या आणि पोर्ट वाइनचे छोटे पेले भरून द्यायचे. नाताळात ओतिलियाला, माझ्या मुलीला, बाळ होईल. तोवर इथे राहायचं, मग ब्रागाला तिच्याकडे कायमचं. तिला तसा शब्द दिला आहे.

९ ऑक्टोबर
गुडघे कुरकुरू लागलेत. तरी मागचं मोठं पिंप दाखवायला मला आवडतं. प्रत्येक पिंपातली वाइन दरसाल थोडी हवेत उडून जाते. त्याला आम्ही देवदूतांचा वाटा म्हणतो. हे एकच पिंप मालकांच्या पणजोबांच्या काळापासून काठोकाठ आहे. वखारीचे म्हातारे कारभारी सेन्योर बाल्ताझार म्हणाले, "काय आहे दोना फेलिस्मिना, याच्या वाट्याला एखादा लाजाळू देवदूत आलाय." मग हसू आवरून त्यांनी बजावलं, की त्याच्यावर एकदाच ठोकायचं आणि पुढे जायचं. पुन्हा ठोकायचं नाही.

१७ ऑक्टोबर
पिंप किती भरलंय ते आमच्याकडे ठोकून ऐकतात. झेफेरिनो म्हणायचा, एका ठोक्यात काही कळत नाही, तीनदा ठोकावं, मधला आवाज खरा. आज पाहुणे गेल्यावर सवयीनं तसंच ठोकलं. जाड, बसका आवाज आला. भरलेलंच होतं. मी वळले, तर आतून तीन ठोके आले. सावकाश. आमच्या स्वयंपाकघराच्या दारावर तो असाच ठोकायचा.
थंडीनं लाकूड आक्रसतं. तसंच असेल.

२६ ऑक्टोबर
विझेउहून एक बाई आली. माझ्याआधी या कामावर असलेल्या एर्मेलिंदाची बहीण. एर्मेलिंदा किती वाजता सुटते, असं विचारत होती. मला तर सांगितलं होतं, की ती बहिणीकडेच राहायला गेली. तिची शाल अजून खुंटीवर आहे.
बाई गेल्यावर बाल्ताझार बाकावर बसून राहिले. एर्मेलिंदाला आतून तिची वारलेली आई उत्तर द्यायची, म्हणाले. मग मी पुन्हा ठोकलंय का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. "तुमच्या शाळेतल्या जोगिणींनी तुम्हाला खोटं बोलायला काही नीट शिकवलं नाही," ते म्हणाले. "मुलीकडे जा. उद्याच."

३ नोव्हेंबर
गेले नाही. थकवा फार. पिशवी भरायला घेते आणि वाकवत नाही. ओतिलियाला फोनवर सांगितलं, शुक्रवारी येते. ती म्हणाली, "आई, गेल्या शुक्रवारीही तू हेच म्हणालीस."
तो दिवसाढवळ्या ठोकतो. पाहुण्यांना ऐकू येत नाही.

८ नोव्हेंबर
आतून खोकला. त्याचाच. जेवलीस का, विचारतो.
मी उत्तर देत नाही — देऊ नये — जपमाळ धरते, पण शब्दच —

११ नोव्हेंबर, संत मार्टिनचा दिवस
सगळे अंगणात चेस्टनट भाजताहेत. बाल्ताझारांनी दुपारच्या गाडीचं तिकीट माझ्या हातात ठेवलं. किल्ली परत ठेवायला आत आले, इतकंच —

मोठ्या पिंपाला खाली झडप असते, आत शिरून घासायला. तिचे पेच ढिले आहेत. माझी बोटं सोललीत. म्हणजे मीच —

झडप उघडली. वाइनचा थेंबही बाहेर आला नाही. आत कोरडं आहे, उबदार. तो सरकून बसलाय, मला जागा व्हावी म्हणून.

ओतिलिया, बाळाला —

अंगणातून बाल्ताझार हाका मारताहेत. ओ द्यायला हवी. पण पाय इतके दुखतात. दोन मिनिटं टेकते, आणि मग