तिला सांग

प्रिय इलाइतियादादा,

हे पाकीट तू आईच्या हातात देऊन "काय म्हणतेय बघ" म्हणशील, म्हणून आधीच बजावते, हे तूच वाचायचं. आपण मोठे झाल्यापासून तू माझ्याशी आणि मी तुझ्याशी सरळ एक शब्द बोललेलो नाही. भावा-बहिणीने बोलायचं नाही ही गावाची रीत, आणि मी ती आजवर पाळली. पण लिहायचंही नाही, असं मला कुठल्या म्हाताऱ्याने सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तरी आज लिहिलंच असतं.

मला इंटर्नशिप मिळाली. बोटींच्या इंजिनांवर प्रत्यक्ष काम केल्याशिवाय कॉलेज शेवटचं वर्ष पास करत नाही, हे तुला आईकडून कळलं असेलच. मोठ्या कंपन्यांना अर्ज पाठवले, एकीनेही उत्तर दिलं नाही. मग चपला झिजवत वालू बे बंदराचा सगळा किनारा पालथा घातला. एका फाटकावरचा रखवालदार म्हणाला, "कॅन्टीन मागच्या बाजूला आहे, बाई." मी म्हटलं, "भूक लागली की येईन, आधी इंजिनं दाखव." त्याने फाटकच लावून घेतलं. शेवटी बोटदुरुस्तीच्या एका लहानशा यार्डाची मालकीण म्हणाली, "माझी हरकत नाही, पण शिकवणार सोलोमोनी. तो हो म्हणाला तर ये." सोलोमोनी म्हणजे तिथला मुख्य मिस्त्री.

त्याने आपल्याकडे पहिल्यांदा विचारतात तेच विचारलं, कुठल्या गावची, कुणाची. मी बाबांचं नाव घेतलं आणि त्याचा चेहराच उतरला. त्याचे वडील आणि आपले बाबा चुलतभाऊ निघाले! म्हणजे तोही माझा भाऊच, तुझ्यासारखाच, बोलायची बंदी. माझं नशीब बघ. मामाच्या बाजूने नातं लागलं असतं तर थट्टा करायचीच रीत, दिवसभर टर उडवत शिकवलं असतं त्याने. त्याने खाली मान घातली आणि शेजारच्या वेल्डरला, बिसरामकाकांना म्हणाला, "तिला सांग, सोमवारपासून ये." मी हातभर अंतरावर उभी होते.

पुढे सगळं शिक्षण असंच चाललं. "तिला सांग, पाना उलटा धरलाय." "काका, त्याला सांगा, नट गंजलाय." बिसरामकाका वैतागायचे. "मी वेल्डर आहे का पोस्टमन? भाऊ-बहीण मिळून माझा पगार तरी वाढवा!" पण मी शिकले, दादा, हट्टाने शिकले. इंजिन बंद पडलं की लगेच इंजिनाला नावं ठेवायची नाहीत, टाकीपासून बघत यायचं. इंधनाच्या नळीला बारीक चीर गेली तरी ती हवा ओढते. धक्क्याजवळ सगळं छान चालतं, आणि जोर दिला की इंजिनाचा घसा कोरडा पडतो. सोलोमोनीने तडकलेली नळी कापून माझ्यासमोर ठेवली आणि समजावलं मात्र बिसरामकाकांना.

गेल्या आठवड्यात मासेमारीच्या बोटीचं एक इंजिन साखळीने वर टांगलं होतं. सोलोमोनी खाली वाकून त्याचा तळ खरवडत होता. मला दिसलं, वरच्या कडीची खीळ निसटत चाललीय. आणि मी काय केलं सांगू? बिसरामकाकांना शोधायला वळले. खरंच वळले! त्याला काही सांगायचं म्हणजे काका, हे अंगात इतकं मुरलंय. काका रोटी आणायला बाहेर गेले होते. तेव्हा मी ओरडले, "सोलोमोनी, बाहेर हो!" त्याने बाजूला उडी घेतली आणि तो होता तिथेच इंजिन आदळलं.

तो हत्यारं तिथेच टाकून घरी गेला. मला वाटलं, मी बंदी मोडली, आता गेली माझी जागा आणि गेलं वर्ष. दुसऱ्या दिवशी बाजारातून यांगोनाच्या मुळांची जुडी आणली आणि माफी मागायची आपली रीत आहे तशी, मांडी घालून, मान खाली घालून त्याच्यापुढे ठेवली. माझ्या वतीने बिसरामकाका बोलले, आणि लांबलचक बोलले, भाषणाची हौस आहे त्यांना. सोलोमोनीने रीतीप्रमाणे पोकळ ओंजळीने टाळ्या वाजवून जुडी स्वीकारली. मग म्हणाला, "तिला सांग, गावात गावाची रीत. साखळीखाली माणूस असला तर ज्याला आधी दिसेल त्याने ओरडायचं. आणि हेही सांग, तिचे पाय आधी दाराकडे वळलेले मी खालून पाहिलेत. पुन्हा असं केलं तर यार्डात पाऊल टाकू देणार नाही." म्हणजे मी राहिले. मला रडू आलं, ते बिसरामकाकांनी त्याला मुद्दाम सांगितलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. गेल्या नाताळात मी तुझ्या बोटीची पेट्रोलची नळी पाहिली होती. तडकलेली, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. तेव्हा एवढी समज नव्हती, तरी आईला म्हटलं होतं, त्याला सांग. परवा फोनवर आईला विचारलं, काय सांगितलंस? म्हणाली, "सांगितलं की! बोट बघून उनाइसी खूश झाली म्हणून." आपले निरोप असे पोचतात, दादा. या नाताळात तू आईला आणि चर्चच्या गायकमंडळींना त्याच बोटीतून पलीकडच्या गावी नेणार आहेस. प्रवाळाच्या रांगेबाहेर लाटांवर जोर द्यावाच लागतो, आणि ती नळी तिथेच दगा देणार. सोबत नवी नळी आणि तिच्या पकडी पाठवल्यात. आजच घाल. पुढच्या फेरीबोटीने मी येतेच आहे. धक्क्यावर उतरल्याबरोबर, आईला मध्ये न घालता, अख्ख्या गावासमोर मी तुला विचारणार आहे, "दादा, नळी बदललीस का?" मग गावाची माफी मागायला जुडी लागली तर तीही आणेन. तू तोंड फिरवू नकोस. मला माझा भाऊ हवाय. उत्तर तूच दे, मला, तुझ्या तोंडाने.

तुझीच,
उनाइसी