तीनालाही न जुमानणारी भिंत

ती. ताईस,

धाकट्याचा दोन्ही कान धरून नमस्कार. (तू ते इतके पिळलेस की हात आपोआप तिकडे जातात.) गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी चढउतार बंद सांगितल्यावर तू मुद्दाम माळ्यावरची भांडी काढायला चढली नसशील, अशी आशा आहे. आम्ही मजेत. मी तर जरा जास्तच, म्हणून हे पत्र.

गणितात कायम भोपळा घेऊन घरी येणाऱ्या तुझ्या भावाने एक भलीमोठी संख्या भिंतीवर चढवली आहे. तुझी भाची शिकवते त्या शाळेत, तिच्याच वर्गाबाहेर. (पोरगी गणिताची शिक्षिका झाली हे दूधवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सांगून झालंय, डॉक्टरांना तर तोंड उघडं असतानाच सांगितलं.) रंगवतील तर माझे बाबाच, असं ती सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाली. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, पण असं कौतुक कुणी केलं नव्हतं. मला भरून आलं.

एकशे सत्तावीस वेळा दोन मांडायचे, सगळ्यांचा गुणाकार करायचा आणि त्यातून एक वजा करायचा. एकोणचाळीस आकडे होतात. मी तेरा-तेराच्या तीन ओळी पाडल्या:

१७०१४११८३४६०४
६९२३१७३१६८७३०
३७१५८८४१०५७२७

ही मूळ संख्या आहे. म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून हिला कशानेही पूर्ण भाग जात नाही. तीन म्हणू नकोस, सात म्हणू नकोस, हजारो-लाखोंच्या संख्या येऊन डोकं आपटून गेल्या तरी बाई ढिम्म. इतका ताठ स्वभाव मी तुझ्यानंतर प्रथमच पाहिला.

पोरीने एक युक्ती सांगितली होती. सगळ्या आकड्यांची बेरीज करायची. बेरजेला तीनाने भाग गेला, तर संख्येलाही जातो. काम संपल्यावर मी ऐटीत शिडीवर बसून बेरीज केली. एकशे त्रेपन्न. तीन एक्कावन्ने एकशे त्रेपन्न! माझ्या भिंतीला तीनाने सरळ भाग जात होता! पोरीने आकडे लिहून दिलेला कागद खिशातून काढला. त्यावरची बेरीज केली, तर एकशे चोपन्न. म्हणजे एक गायब. गिऱ्हाईक चिठ्ठीवर चुकून अक्षर दोनदा लिहून आणतं, ते मी न विचारता एकदाच रंगवतो. त्याच सवयीने पहिल्या ओळीतल्या जोडीच्या दोन एकांपैकी एक मी सुधारून टाकला होता. (तिसऱ्या ओळीतले दोन आठ वाचले, कारण तेव्हा पोरगी शिडीखाली उभी होती.) पण ताई, चूक कुणी पकडली? मी! तुझ्या भोपळ्याने! लगेच राहिलेला एक रंगवला, पुन्हा मोजलं, एकशे चोपन्न. पोरीला काही कळू दिलं नाही.

तुझा,
आता गणिती झालेला धाकटा

ता. क. : शनिवारी सकाळी दहा वाजता भिंतीवरची चादर काढणार आहेत. पोरगी मुलांकडून कागद बघून एकेक आकडा मोठ्याने वाचून घेणार आहे. माझ्या बाबांचा हात चाळीस वर्षांत चुकला नाही, असंही ती मुख्याध्यापिकांना सांगून बसली आहे.

ता. क. दुसरा : राहिलेला एक जिथे हवा होता तिथे बोट शिरायलाही जागा नव्हती. ओळीच्या शेवटी छान वीतभर जागा होती, तिथे बसवला. आकडा तोच, ओळ तीच, बेरीज तीच. म्हणजे झालंच की काम! पण सकाळपासून आठवतंय, तू पाटीवर एकं, दहं, शतं काढून आकड्याने घर बदललं की काय होतं, ते शिकवायचीस. मी तेव्हा खिडकीतून बाहेर बघत होतो. काय होतं गं? शुक्रवारच्या आत कळव. उत्तर वाईट असेल, तर पोरीला काही बोलू नकोस, सरळ निघून ये. तुला चढायचं नाही, फक्त खालून शिडी धरायची आहे.