माझं विश्व फुगतंय

३ फेब्रुवारी, दुपार
आलं! अधिक आलं!
आनंदात विसरायला नको म्हणून नीट लिहितो. आपलं विश्व फुगतंय, म्हणजे रिकाम्या जागेच्या ऊर्जेचं चिन्ह अधिक हवं. सुपरग्रॅव्हिटी नावाच्या सिद्धांतात मिती अकरा. त्यातल्या सात गुंडाळून चार उरवल्या की भल्याभल्यांचं उत्तर उणे येतं. उणे म्हणजे विश्व जन्मतं आणि कोसळतं. माझं अधिक आलं, तेही चार पानांत. सुरुवात एका जुन्या जाडजूड पेपरमधून घेतली, शेवट एका नव्या पेपरमधून. दोन्हींतलं चांगलं तेवढं उचललं. इतकं साधं कुणाला सुचू नये?
संकल्प: आजपासून नम्रपणा बंद. लोक गैरफायदा घेतात.

४ फेब्रुवारी
हिला सांगितलं, सात मिती इतक्या बारीक गुंडाळता येतात की दिसतसुद्धा नाहीत. ही म्हणाली, मग सोफ्यावरचे कपडेही गुंडाळा. एवढा संसार केला, पण हिची झेप तीन मितींपलीकडे गेली नाही.

८ फेब्रुवारी
इन्स्टिट्यूटच्या डायरेक्टरनं बोलावलं. वीस तारखेला माझा सेमिनार. त्यावर ठरणार की मी रिसर्चमध्ये, खिडकीच्या खोलीत राहतो की कायमचा फर्स्ट इयर शिकवायला जातो. ठरवणार कोण? तर हा गृहस्थ, ज्यानं आयुष्यभर चुंबकं थंड केली!
घरी सांगितलं. ही म्हणाली, फर्स्ट इयरमध्ये वाईट काय आहे? डोकंच फिरलं. जेवलो नाही. मग जेवलो.

११ फेब्रुवारी
इन्स्टिट्यूटमधल्या शेजारच्या खोलीतल्या बाई दारात येऊन उभ्या. इथे एक खूळ आहे. फळ्यावर गणित मांडण्याआधी कोपऱ्यात लिहायचं: वेळ उणे, अंतर अधिक, किंवा वेळ अधिक, अंतर उणे. अर्धं जग असं मोजतं, अर्धं तसं. दोन्ही बरोबर, फक्त मिसळायचं नाही. मी कोपऱ्यात काहीही लिहीत नाही. ती कारकुनी झाली. बाईंनी विचारलं, यात पद्धत कुठली वापरलीत? म्हटलं, नेहमीची. त्या म्हणाल्या, एकदा बसून तपासू या का? म्हटलं, वेळ नाही.
पोटात दुखतंय त्यांच्या, दुसरं काय!

१५ फेब्रुवारी
संकल्प होता, रोज तासभर भाषणाचा सराव. आज झाला नाही, कालही नाही. पहिल्या स्लाइडचा रंग ठरत नव्हता. शेवटी निळा घेतला. ज्याचं उत्तर बरोबर आहे त्याला सराव कशाला?

१९ फेब्रुवारी
परदेशातल्या बड्या मंडळींना ईमेल केली: उद्या ऑनलाइन या, इतिहास घडतोय. एकाचंच उत्तर आलं. तो सुट्टीवर आहे.
बाईंनी जिन्यात गाठलं. म्हणाल्या, निदान कोपऱ्यात तेवढं लिहा हो. मी सगळ्यांदेखत सुनावलं की विश्वाचा हिशोब मी बघतो, तुम्ही तुमचे कोपरे सांभाळा. बरं वाटलं.

२० फेब्रुवारी
सेमिनार झाला.
तिसऱ्या स्लाइडलाच चुंबकवाल्यानं हात वर केला. विचारलं, पद्धत कुठली? म्हटलं, नेहमीची. तो म्हणाला, वरच्या ओळीत वेळ उणे दिसतेय आणि खालच्या ओळीत अधिक, यातली नेहमीची कुठली? मी पाणी प्यायलो. मग त्यानं बाईंना फळ्याशी बोलावलं. त्यांनी एक चिन्ह बदललं, त्याखालचं दुसरं आपोआप बदललं, आणि तळाशी उणे आलं. माझं विश्व चहा यायच्या आत कोसळलं.
बाई हॉलकडे वळून म्हणाल्या, ही चूक सगळ्यांची होते, थीसिसमध्ये माझीही झाली होती. दयेचं नाटक! त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं.
लाज वाटली. फार वाटली.

२१ फेब्रुवारी
शांतपणे विचार केला. चूक नव्हतीच. दोन बरोबर गोष्टी एकत्र आल्या, एवढंच. त्यात निळा रंग प्रोजेक्टरवर फिका पडला, नाहीतर मलाच आधी दिसलं असतं.
डायरेक्टरचं फर्मान आलं. खिडकीची खोली शुक्रवारपर्यंत सोडायची. घरी आलो. सोफ्यावरचे कपडे हिनंच आवरून ठेवले होते.

४ मार्च
फर्स्ट इयर, पहिला तास. विषय: आरसे आणि भिंगं. संकल्प केला होता की यांना थेट अकरा मितींत नेऊन डोळे पांढरे करायचे. पाठ्यपुस्तकाचं पहिलं पान उघडलं तर तिथे अंतरांची चिन्हं. डावीकडचं उणे, उजवीकडचं अधिक.
मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, सर, आमच्या शाळेच्या पुस्तकात वेगळी पद्धत होती. बरोबर कुठली?
दोन्ही, म्हटलं. फक्त मिसळायच्या नाहीत.
तिनं विचारलं, मिसळल्या तर काय होतं?
दारावरून बाई चालल्या होत्या. थांबल्या असाव्यात, पावलं वाजायची बंद झाली. मी वळलो नाही. मार्क जातात, म्हणालो. मग खडू घेतला आणि फळ्याच्या कोपऱ्यात पद्धत लिहिली. पोरांनी ती वहीत उतरवून घेतली.