अडीच मीटर पाणी

मिस्त्री, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी पंपाचा आवाज बदलला की माझी मान अजून तुमच्या खुर्चीकडंच वळते. आपल्या उपसा योजनेवर आता टेकडीवरच्या हौदापर्यंत चालत कुणी जात नाही. वर पाण्याची उंची मोजणारं यंत्र आणि व्हॉल्व एकाच तारेवर बसवलेत, आणि त्यांचे निरोप हवेतून खाली आणून पंपाच्या पॅनेलला देणारी एक डबी आहे, तिला गेटवे म्हणतात. ती मीच जुळवली, पुस्तक पुढ्यात ठेवून, तीन दिवस खपून. कुठल्या यंत्राचा नंबर काय, कुणी किती वेगानं बोलायचं, कुणाचा आकडा कुठल्या घरात पडायचा. शेवटी डबी विचारते, संपर्क तुटला तर काय करू? पंप थांबव म्हणावं, तर जरा वारा सुटला की पंप बंद आणि माणच्या गावांकडून फोनवर फोन. मी सांगितलं, शेवटचा आकडा धरून ठेव.

मी नवा होतो तेव्हाची ती दुपार आठवते. उन्हात टेकडी चढायचा कंटाळा आला, म्हणून रजिस्टरात मागच्या तासाचाच आकडा उतरवला. तुम्ही ओरडला नाहीत. मला घेऊन वर निघालात. वाटेत तुमची वहाण तुटते, ती हातात धरून तुम्ही पुढं, मी मागं. हौदाशी माझा हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवता आणि म्हणता, "हे पाणी हाय. तू लिवलंस ते काय हाय रं?" खाली आल्यावर मात्र स्वतःचा पिवळ्या मुठीचा टेस्टर माझ्या खिशात खोवलात. तो अजून तिथंच आहे.

गेल्या आठवड्यात भरदुपारी संपर्क तुटला. पडद्यावर अडीच मीटर, दोन तास अडीच मीटर, आणि पंप चालूच. हौद भरून वाहिला, बांध खचला, खालच्या अंगाला मेंढरांचं वाडगं घालून बसलेल्या मेंढपाळाची कोकरं वाहून गेली. पाळीवरचा ऑपरेटर म्हसवडचा. झोपला होता असं ठरवून साहेबांनी त्याला घरी बसवलंय. मला एवढंच म्हणाला, "आवं काका, अडीचच व्हतं. म्या नजर काढली न्हाई." पंप चालू असताना आकडा हलत नाही, हे त्याच्या ध्यानात यायला हवं होतं, असं मी मनाशी म्हणून बघितलं. पटलं नाही. जी लबाडी मी एकदा हातानं केली, तीच मी यंत्राला शिकवून ठेवली होती.

त्याच संध्याकाळी दुरुस्तीच्या नावाखाली गेलो आणि डबीतली ती निवड बदलली. आता संपर्क तुटला की पंप थांबतो. आधी काय होतं, ते कुणाला बोललो नाही.

उद्या चौकशी आहे. खरं सांगू का, मी तुम्हाला लिहायला बसलोच नव्हतो. जबाबाचा कागद पुढ्यात घेतला होता. वर 'माननीय साहेब' लिहायचं, तिथं 'मिस्त्री' लिहून बसलो.